०.३९ गिगाहर्ट्झचं गौडबंगाल

संगणकाचा वेग खोक्यावर छापलेला असतो. प्रत्यक्षात मात्र तो सेकंदाला कित्येकदा बदलतो, आणि तो किती असावा हे ठरवणारी एक छोटी यंत्रणा पडद्याआड काम करत असते. ती चुकली किंवा तिचे हात बांधले गेले, तर महागडा प्रोसेसरही रखडत चालतो.

मालाड पूर्वेला स्टेशनजवळ मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यातल्या एका दुकानात सोसायटीचे हिशेब सांभाळणारे एक काका आले. तक्रार नेहमीचीच. ‘‘फार स्लो झालाय हो. एक्सेल उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. रॅम वाढवली, एसएसडी टाकली, फॉरमॅटही मारून झाला. आता नवीनच घेऊ का?’’

काउंटरमागच्या मुलानं टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्सच्या पानावर गेला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. वेग ०.३९ गिगाहर्ट्झ. त्याच पानावर प्रोसेसरचा मूळ वेग दिसत होता, २.४० गिगाहर्ट्झ. त्यानं एकामागून एक चार प्रोग्रॅम उघडले. आकडा तसूभर हलला नाही.

‘‘काका, चार्जर कंपनीचा आहे का?’’

‘‘नाही रे, तो जळला. मुलानं बाहेरून आणून दिला.’’

मुलानं खणातून त्या मॉडेलचा चार्जर काढून लावला, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. आता आकडा ३ च्या वर खेळू लागला आणि एक्सेल चटकन उघडलं. प्रोसेसर तोच, रॅम तीच, विंडोजही तेच. मग इतके दिवस या यंत्राला मूळ वेगाच्या जेमतेम एक षष्ठांशावर कोणी जखडून ठेवलं होतं?

वेगाला लगाम कशासाठी?

२.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी ठोके. प्रत्येक ठोक्याला चिपमधले असंख्य ट्रान्झिस्टर चालू-बंद होतात आणि प्रत्येक वेळी थोडी वीज खातात. ही वीज दोन गोष्टींवर ठरते. ठोके दुप्पट झाले तर ती दुप्पट होते, पण व्होल्टेज वाढलं तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि ठोके वाढवायचे तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणून वरच्या टोकाचा थोडासा वेग फार महाग पडतो.

जानेवारी २००० मध्ये इंटेलनं लॅपटॉपसाठी ‘स्पीडस्टेप’ आणलं, तेव्हाचे आकडे हे गणित स्वच्छ दाखवतात. ६५० मेगाहर्ट्झचा मोबाइल पेंटियम ३ विजेच्या जोडणीवर १.६ व्होल्टवर चालायचा. बॅटरीवर तो ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर उतरायचा. हिशेब मांडला तर वेग गेला सुमारे २३ टक्के आणि वीज वाचली सुमारे ४५ टक्के. त्याच आठवड्यात ट्रान्समेटा या कंपनीनं आपला क्रुसो प्रोसेसर जाहीर केला. वेग आणि व्होल्टेज चालता चालता बदलणं ही त्याची खासियत. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स तेव्हा याच कंपनीत नोकरीला होते.

बाजार मात्र तेव्हा वेगाच्या शर्यतीत दंग होता. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल दोघांनी अवघ्या दोन दिवसांच्या अंतरानं १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. या शर्यतीमागे एक जुना दिलासा होता. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं की, ट्रान्झिस्टर लहान करत गेलं आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवलं, तर तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. २००५ च्या आसपास हा दिलासा संपला. व्होल्टेज आणखी खाली जाईना आणि चिप तापू लागल्या. इंटेलनं ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत २००४ मध्येच गुंडाळला होता. तेव्हापासून प्रोसेसरला सतत पूर्ण वेगानं पळवणं परवडेनासं झालं. गरज असेल तेव्हा उचल, नसेल तेव्हा उतर, हा रिवाज पडला. पण गरज आहे हे ओळखायचं कोणी?

दोघांचा कारभार

लिनक्समध्ये या कामाची उघड वाटणी आहे. ‘गव्हर्नर’ हा धोरण ठरवतो, म्हणजे आत्ता वेग किती हवा ते सांगतो. ‘ड्रायव्हर’ तो निर्णय त्या विशिष्ट प्रोसेसरला समजेल अशा रीतीनं पोहोचवतो. विंडोजमध्येही हेच दोन भाग आहेत, फक्त ते ‘पॉवर मोड’च्या तीन पर्यायांमागे झाकलेले असतात.

पहिला लोकप्रिय गव्हर्नर म्हणजे ‘ऑनडिमांड’. इंटेलमधले वेंकटेश पल्लीपाडी यांनी लिहिलेला हा कोड २००४ मध्ये लिनक्समध्ये आला. त्याचा नियम सरळ होता. ठरावीक वेळानं डोकावून पाहायचं. प्रोसेसर ८० टक्क्यांहून जास्त गुंतलेला दिसला की थेट वरच्या वेगावर न्यायचं आणि काम ओसरलं की उतरवायचं.

गोम आहे ती ‘ठरावीक वेळानं’ या शब्दांत. आपण संगणकावर करतो ती बहुतेक कामं क्षणभराची असतात. क्लिक केलं, पान उघडलं, संपलं. अशा कामाची दखल घ्यायलाच गव्हर्नरला उशीर झाला, तर अर्धं काम खालच्या वेगावर उरकलेलं असतं. दिवसभराची सरासरी काढली तर सगळं आलबेल दिसतं. वापरणाऱ्याला मात्र प्रत्येक क्लिकमागे अडखळल्यासारखं होतं. त्यातच काम प्रोसेसरच्या एका कोअरवरून, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका भागावरून, दुसऱ्या कोअरवर फिरत राहिलं, तर प्रत्येक कोअर अर्धवट रिकामा दिसतो आणि वेग वाढवायची कोणालाच निकड वाटत नाही. २०१६ मध्ये आलेल्या ‘शेडयुटिल’ या गव्हर्नरनं यावर तोडगा काढला. कोणतं काम कुठल्या कोअरवर चालवायचं हे ठरवणाऱ्या शेड्युलरकडे प्रत्येक कामाच्या भाराची नोंद असतेच. शेडयुटिल तीच नोंद वापरतो, त्यामुळे काम हललं की त्याचा भारही सोबत मोजला जातो. या साऱ्या यंत्रणेची देखभाल आज राफाएल विसोत्स्की आणि भारतीय अभियंते विरेश कुमार यांच्याकडे आहे.

ड्रायव्हरचा फरक आणखी ठळक. एएमडीचे रायझन प्रोसेसर लिनक्सवर बरीच वर्षं जुन्या सर्वसाधारण ड्रायव्हरनं चालत होते. त्याला वेगाच्या तीनच पायऱ्या ठाऊक. एक, दोन, तीन असे खटके असलेला पंख्याचा जुना रेग्युलेटर जसा, तसा हा प्रकार होता. दोनवर उकडायचं आणि तीनवर कागद उडायचे. २०२२ मध्ये लिनक्सच्या ५.१७ आवृत्तीत ‘एएमडी पीस्टेट’ हा नवा ड्रायव्हर आला आणि मधले सगळे वेग हाती आले. इंटेलनं आपला ‘इंटेल पीस्टेट’ २०१३ मध्येच दिला होता. पुढे २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलनं निर्णयाचं बरंचसं काम चिपकडेच सोपवलं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या मार्गानं जिथे सुमारे ३० मिलिसेकंद लागायचे, तिथे चिप स्वतः साधारण १ मिलिसेकंदात हालचाल करते, असं कंपनीचं सांगणं. आता ऑपरेटिंग सिस्टिम फक्त कल सांगते. ० म्हणजे वेगाला प्राधान्य, २५५ म्हणजे बचतीला, आणि मधला कुठलाही आकडा. विंडोजमधली बॅलन्स्ड किंवा बेस्ट परफॉर्मन्सची निवड अशा यंत्रात शेवटी याच आकड्यात उतरते.

लिनक्सवाल्यांनी इथे एक फसगत लक्षात ठेवावी. जुन्या ड्रायव्हरवर ‘पॉवरसेव्ह’ निवडलं तर यंत्र सर्वात खालच्या वेगावर अडकून पडतं. इंटेल पीस्टेट स्वतः कारभार पाहत असेल, तर त्याच पॉवरसेव्हमध्ये वेग गरजेप्रमाणे वर-खाली होतो. तेव्हा इंटरनेटवरचा सल्ला जसाच्या तसा लावण्याआधी आपल्याकडे ड्रायव्हर कोणता आहे ते पाहिलेलं बरं.

हळू म्हणजे काटकसर?

वेग उतरवला की वीज वाचते, हे अर्धसत्य आहे. समजा, एका कामाला पूर्ण वेगानं १ सेकंद लागतो आणि प्रोसेसरचा गाभा २० वॉट घेतो. मेमरी आणि चिपमधली जोडयंत्रणा आणखी १० वॉट घेते. एकूण खर्च ३० ज्यूल. आता वेग निम्मा केला आणि व्होल्टेज पाऊण पटीवर आणलं. गाभ्याचा खर्च साडेपाच वॉटच्या आसपास आला, पण काम २ सेकंद चाललं आणि तेवढा वेळ बाकीचा भागही जागा राहिला. गाभ्याचे सव्वाअकरा आणि इतरांचे वीस मिळून खर्च झाला सव्वाएकतीस ज्यूल. म्हणजे वेळही गेला आणि वीजही वाचली नाही. झटपट काम उरकून सगळ्यांनीच गाढ झोपावं, हा मार्ग कित्येकदा स्वस्त पडतो. पण व्हिडिओ कॉलसारखं काम पुढे ढकलता येत नाही आणि आधी उरकूनही टाकता येत नाही. तिथे मधला वेगच फायद्याचा. गव्हर्नरची कसोटी ती इथेच.

काही ठिकाणी तर ही काटकसर मुळातच नको असते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजारानं २००९ मध्ये दलालांना आपले सर्व्हर बाजाराच्याच आवारात ठेवायची सोय दिली. तिथली चढाओढ मायक्रोसेकंदांची, आणि गाढ झोपेतून उठायला प्रोसेसरला दहा-वीस मायक्रोसेकंदांपासून शंभराच्या पुढेही लागू शकतात. त्यामुळे जगभर अशा सर्व्हरवर झोपेच्या अवस्था बंद ठेवून वेग वरच बांधून टाकण्याची पद्धत आहे. विजेचं बिल परवडतं, ऑर्डरला झालेला उशीर परवडत नाही.

मागितलं म्हणून मिळतंच असं नाही

ड्रायव्हर वेग मागतो, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो. त्याच्यावर तिघं बसलेले असतात. चिपचं तापमान, कंपनीनं आखून दिलेली विजेची मर्यादा आणि बोर्डावरचं फर्मवेअर.

काकांच्या लॅपटॉपला या तिसऱ्यानं पकडलं होतं. काही लॅपटॉपच्या चार्जरमध्ये ओळख सांगणारी सोय असते. मी इतक्या वॉटचा आहे, असं तो बोर्डाला कळवतो. बाहेरच्या चार्जरकडून ही ओळख आली नाही की फर्मवेअर सावध पवित्रा घेतं. चार्जर कमकुवत असेल असं गृहीत धरतं आणि प्रोसेसरला तळच्या वेगावर, साधारण ४०० ते ८०० मेगाहर्ट्झवर, दाबून ठेवतं. पिनमधली बारीक तार तुटली तर कंपनीच्या चार्जरनंही हेच घडू शकतं. विंडोज बिचारं वरचा वेग मागत राहतं आणि पडद्यावर कसलीही सूचना झळकली नाही, तर माणूस रॅमला दोष देतो.

तापमानाचा फास मुंबईकरांना जास्त जवळचा. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. तिथे पोहोचल्यावर चिप स्वतःच वेग छाटते. उष्णता बाहेर पडते ती चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकामुळे. एसी लावून २४ अंशांवर ठेवलेल्या ऑफिसात हा फरक ७६ अंशांचा असतो. मालाडच्या वरच्या मजल्यावरच्या, पत्रा तापलेल्या ३६ अंशांच्या खोलीत तो ६४ उरतो. म्हणजे ढोबळमानानं उष्णता फेकण्याची ताकद १६ टक्क्यांनी घटली. सांताक्रूझ वेधशाळेनं १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद केली होती. तशा दिवशी तर आणखी कठीण. त्यात पंख्यात साठलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट आणि गादीवर ठेवून बंद झालेली हवेची वाट, एवढं जमलं की ड्रायव्हर कितीही गुणी असो, त्याचा नाइलाज होतो.

फोनला तर पंखाही नसतो. तिथे चिपच्या आधी हाताला चटका बसू नये याची काळजी घ्यावी लागते. २०११ मध्ये आर्म या कंपनीनं ‘बिग-लिटल’ म्हणजे थोरल्या आणि धाकट्या कोअरची रचना मांडली, ती वीज आणि उष्णता दोन्ही आटोक्यात ठेवण्यासाठी. भर दुपारी चार्जिंगला लावून गेम खेळताना फोन दहा मिनिटांनी अडखळू लागतो, तेव्हा थोरल्या कोअरचा वेग छाटला गेलेला असतो.

पैसे मोजण्याआधी

संगणक रखडतोय असं वाटलं तर चार्जर लावून एखादं जड काम सुरू करा आणि टास्क मॅनेजरमधला वेग पाहा. रिकाम्या यंत्राचा आकडा खाली असणं योग्यच आहे. भार असताना तो कुठे जातो, ते महत्त्वाचं. सुरुवातीपासून तळाशी चिकटून राहिला, तर चार्जर आणि पॉवर मोड तपासा. कंट्रोल पॅनेलमध्ये कोणी ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ उतरवून ठेवलंय का, तेही बघा. तिथे १०० ऐवजी ९९ टक्के असले तरी बहुतेक यंत्रांत टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय, बंद पडतो. आकडा आधी वर जाऊन दोन-पाच मिनिटांत घसरत असेल, तर पंखा साफ करून पेस्ट बदलायची वेळ झाली. आणि आकडा ठणठणीत असूनही काम रखडत असेल, तर खोट वेगात नाही. तिथे रॅम आणि एसएसडीचा सल्लाच खरा, कारण डिस्कची वाट पाहणाऱ्या प्रोसेसरला पळवून काही साधत नाही.

आणि नवीनच घ्यायचा ठरला, तर खोक्यावरच्या ‘४.७ गिगाहर्ट्झपर्यंत’ या ओळीतल्या ‘पर्यंत’कडे नीट पाहा. तो वेग थोड्या वेळापुरता, एखाद-दुसऱ्या कोअरचा असतो. एकाच नावाचा प्रोसेसर एक कंपनी सडपातळ लॅपटॉपमध्ये १५ वॉटवर बांधते, तर दुसरी जाडसर लॅपटॉपमध्ये २८ वॉटवर सोडते. जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात, पण अर्धा तास सलग काम दिलं की दोघांची पळण्याची ताकद वेगळी निघते. दुकानदाराला गिगाहर्ट्झ विचारण्याऐवजी हा प्रोसेसर सलग किती वॉटवर चालतो ते विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर त्याच मॉडेलची अर्ध्या तासाच्या भाराची चाचणी शोधून पाहा आणि मगच पैसे मोजा.