मॉरिशसला जाण्यापूर्वी पाय दाखवा

पूर्वी माझ्याकडे रजेसाठी किंवा विम्यासाठी डॉक्टरी दाखला मागायला लोक येत. अलीकडे त्यात तिसरे कारण आले आहे, ते म्हणजे परदेशची सहल. माझा दवाखाना आरे कॉलनीच्या वेशीवर आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आरेतलेच एक जुने पेशंट आले. वय ६४, दुग्धव्यवसाय खात्यातून निवृत्त झालेले. मधुमेह पंधरा वर्षांचा, चार वर्षांपासून इन्सुलिन चालू. चेहरा आनंदाने फुललेला. म्हणाले, ‘‘डॉक्टर, मुलगा आम्हा दोघांना मॉरिशसला पाठवतोय. जाऊ ना?’’

मॉरिशस म्हटल्यावर मीही खुललो, कारण आदल्याच वर्षी आम्ही उभयता तिथे जाऊन आलो होतो. ‘‘काका, अवश्य जा,’’ असे म्हणून मी गप्पांनाच बसलो. पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट पाहा, म्हणालो. १८३४ पासून पुढे जवळजवळ पाच लाख गिरमिटिया मजूर या बेटावर उतरले, त्यांतले बहुतेक हिंदुस्थानातले. त्यांत आपली मराठी माणसेही होती. उसाच्या मळ्यांत त्यांनी घाम गाळला. त्यांचे वंशज आज तिथे मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. रस्त्यावर मिळणारी डाळपुरी खा, म्हणालो. हिंदू, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे क्रिओल, चिनी, फ्रेंच असे सगळे एका बेटावर नांदतात. आपल्या आरेत नाही का, वारल्यांचे पाडे, उत्तरेकडचे तबेलेवाले आणि कोकणातले नोकरदार शेजारी शेजारी राहतात, तसेच!

रक्तदाब पाहिला, साखरेचा रिपोर्ट पाहिला, दाखला लिहून दिला. दहा मिनिटांत काम झाले. काकांना बूट-मोजे काढायला मात्र मी सांगितले नाही. ती चूक माझी.

काका परतले ते लंगडत. तिथला समुद्र प्रवाळाच्या कड्याने वेढलेला आहे. त्यामुळे किनाऱ्याजवळ पाणी संथ आणि उथळ असते, आणि म्हाताऱ्या माणसालाही उतरण्याचा मोह होतो. काका अनवाणी उतरले. तळाशी प्रवाळाचे तुकडे धारदार असतात. उजव्या करंगळीजवळ कापले, पण त्यांना कळलेच नाही. रात्री खोलीतल्या पांढऱ्या चादरीवर रक्ताचा डाग काकूंना दिसला. ‘‘दुखत नाही, म्हणजे किरकोळ आहे,’’ असे म्हणून काकांनी चिकटपट्टी लावली आणि उरलेले चार दिवस त्याच पायाने हिंडले. माझ्याकडे आले तेव्हा करंगळी काळवंडली होती, पाऊल सुजले होते आणि अंगात ताप होता. रुग्णालयात करंगळी काढावी लागली. पाऊल वाचले, पण जखम भरायला अडीच महिने लागले.

वाचकहो, ‘दुखत नाही, म्हणजे किरकोळ आहे,’ हे वाक्य मधुमेही माणसाने कधीही खरे मानू नये. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की नसा खराब होतात. पायांपर्यंत जाणाऱ्या नसा सर्वांत लांब, म्हणून त्या आधी बिघडतात. सुरुवातीला मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते. पुढे संवेदनाच जाते. वेदना हा शरीराचा राखणदार आहे. तो झोपला की काटा टोचो, चटका बसो, आत काही पोहोचत नाही. त्यातच पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि वाढलेली साखर जंतूंच्या पथ्यावर पडते. साधी चीर मग पाय घेऊन जाते.

दवाखान्यात ही तपासणी करायला पाच मिनिटे पुरतात. डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवायचा, घोट्यावर कंप पावणारा चिमटा ठेवायचा, पावलावरची नाडी चाचपायची आणि बोटांच्या बेचक्यांत पाहायचे. काकांच्या बाबतीत हे आधी केले असते, तर पाण्यात काय घालून उतरायचे हे मी त्यांना सांगू शकलो असतो.

आणखी एक गोष्ट मला काकांच्या आजारपणात पुन्हा आठवली. ज्या बेटाचे मी एवढे गुणगान केले, ते मधुमेहाच्या अभ्यासासाठी जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. १९८७ साली तिथे मोठी पाहणी झाली. हिंदू, मुसलमान, क्रिओल, चिनी या चारही समाजांत मधुमेहाचे प्रमाण साधारण १० ते १३ टक्क्यांच्या दरम्यान निघाले. तोपर्यंत ‘हा भारतीयांच्या रक्तातलाच रोग’ असे म्हणण्याची पद्धत होती. आपल्यात तो लवकर आणि जास्त होतो हे खरे, पण मॉरिशसने दाखवले की वंश वेगवेगळे असले तरी बैठे जीवन आणि बदललेला आहार सगळ्यांनाच एका रांगेत आणून बसवतो. पुढच्या पाहण्यांत तर प्रमाण पाच प्रौढांमागे एकाच्या आसपास गेले. ज्यांचे पणजोबा उसाच्या मळ्यात राबले, त्यांची पतवंडे आज रक्तातली साखर मोजत आहेत.

याच बेटाने एक चांगला धडाही दिला. १९८७ मध्येच सरकारने रेशनच्या स्वयंपाकाच्या तेलात बदल केला. पामतेलाचा वाटा जास्त होता, त्याऐवजी सोयाबीनचे तेल आणले. व्यायाम, धूम्रपान वगैरेंसाठीही मोहीम काढली. पाच वर्षांत लोकांच्या रक्तातले सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. तेलाची एक बाटली बदलल्याने एवढा फरक पडतो, हे आपल्या गृहिणींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता प्रवासाचे नियम. मॉरिशस असो, अंदमान असो की आपले मालवण, हे नियम सारखेच.

जाण्यापूर्वी निदान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा आणि स्वतःहून म्हणा, ‘पाय पाहा.’ नवे बूट घेऊन थेट विमानात बसू नका. घरी रोज थोडा वेळ घालून ते आधी सैल करा.

इन्सुलिन, गोळ्या आणि साखर मोजण्याचे यंत्र हातातल्या पिशवीत ठेवा. सामानाच्या कप्प्यात दिलेले इन्सुलिन गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी, तिच्यात औषधांची मूळ नावे लिहिलेली असावीत. औषध दुप्पट घ्या, कारण सामान हरवते आणि विमाने रखडतात. मुंबईहून मॉरिशसला विमानाने सहा तासांच्या आसपास लागतात आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. एवढ्या फरकाने इन्सुलिनच्या वेळा फारशा बिघडत नाहीत, पण जेवण समोर आल्याशिवाय जेवणापूर्वीचे इंजेक्शन टोचू नका.

पोहणे, चालणे वाढले की साखर एकदम उतरू शकते. दरदरून घाम, थरथर, भूक, गोंधळ ही तिची लक्षणे. खिशात ग्लुकोज किंवा खडीसाखर ठेवा आणि ती कोणत्या खिशात आहे हे सोबत्याला सांगून ठेवा.

वाळूत आणि पाण्यात अनवाणी जाऊ नका. जाड तळव्याचे, पाण्यात चालणारे बूट मिळतात, ते घाला. तिथल्या पाण्यात दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासाही असतो. त्याचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात आणि ताबडतोब रुग्णालयात नेतात. मात्र मधुमेह्याच्या पायासाठी पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याच्या हाताने पाहावे. बधिर पायाला पोळलेले कळत नाही.

रोज रात्री तळवे आणि बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा धरा, नाहीतर घरच्या माणसाला दाखवा. फोड, चीर, लाली, काहीही दिसले तर त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांकडे जा. सहल बुडेल म्हणून थांबू नका. प्रवासी विमा काढताना मधुमेह लपवू नका.

आणि एक, डासांचे. मॉरिशसमध्ये २००५-०६ साली चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. तिथले आरोग्य खाते आपल्यासारख्या हिवतापाच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांवर लक्ष ठेवते. त्यांनी रक्ताचा थेंब मागितला तर अपमान मानू नका, ते आपल्या बेटाची काळजी घेत आहेत. परतल्यावर ताप आला तर कुठे गेला होता हे डॉक्टरांना आधी सांगा.

काका आता बरे आहेत. मऊ तळव्याची चप्पल घालून सकाळी आरेच्या रस्त्यावर फिरतात. परवा दवाखान्यात आले आणि न सांगता स्टुलावर पाय ठेवून मोजे काढू लागले. ‘‘काय झालं?’’ मी घाबरून विचारले. ‘‘काही नाही,’’ काका म्हणाले, ‘‘नातीला घेऊन पुन्हा मॉरिशसला जायचं म्हणतोय. या वेळी आधी पाय बघा, मग गप्पा मारू.’’

मी खाली वाकलो आणि पाहू लागलो.