परदेशातून मोबाईल मागवलाय? कस्टम खरं असतं, पण फोनवरचा ‘कस्टमवाला साहेब’ खरा नसतो

चकलांबा (ता. गेवराई) : दुबईतल्या भावानं मोबाईल पाठवला. आठ दिवसांनी गावात फोन येतो, ‘मुंबई कस्टममधून बोलतोय, पार्सल अडकलंय, साडेनऊ हजार आत्ता भरा, नाहीतर जप्ती.’ मग घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो, सगळा फ्रॉड आहे, दमडी देऊ नका. दुसरा म्हणतो, अरे पण बाहेरच्या मालाला कस्टम लागतंच की. दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे, आणि नेमकं याच अर्ध्यात लोक फसतात. फ्रॉड समजून खरा कर भरला नाही तर पार्सल परत जातं. खरा समजून चोराला भरला तर पैसेही जातात.

आधी ‘गिफ्ट’चा गैरसमज काढू. ‘खोक्यावर गिफ्ट लिही, किंमत कमी टाक, कस्टम लागत नाही’ असं अजून लोक एकमेकांना सांगतात. पूर्वी कमी किमतीच्या भेटवस्तूला सूट होती. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनं पोस्टानं किंवा कुरिअरनं येणाऱ्या भेटवस्तूंची ही सूट बंद केली. जीवरक्षक औषधं आणि राखी एवढंच त्यातून वगळलं. बाकी गिफ्ट पाठवता येतं, पण पूर्ण कर भरून. आणि तीस हजाराच्या फोनवर दोन हजार किंमत लिहिली, तर तपासणारा अधिकारी काय मोबाईलचे भाव ओळखत नाही का? खोटी किंमत दाखवली तर १९६२ च्या कस्टम कायद्यात माल जप्तीची आणि दंडाची तरतूद आहे.

आता कर कसा बसतो ते बघा. नुसत्या फोनच्या किमतीवर बसत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज करतात. डॉलर-दिरहमचे रुपये सरकारनं जाहीर केलेल्या दरानं धरतात, बाजारातल्या भावानं नाही. त्या बेरजेवर सीमाशुल्क, सीमाशुल्काच्या रकमेवर अधिभार, आणि हे सगळं मिळवून वर जीएसटी. म्हणजे करावर कर. टक्के बजेटला बदलतात आणि व्यापारी मालाचे वेगळे, स्वतःच्या वापराच्या मालाचे वेगळे असतात. म्हणून खालचे टक्के फक्त हिशोब कळण्यापुरते धरलेत. फोन ३० हजार, वाहतूक-विमा २ हजार, एकूण ३२ हजार. सीमाशुल्क २० टक्के धरलं तर ६,४००. त्यावर १० टक्के अधिभार ६४०. बेरीज ३९,०४०. त्यावर १८ टक्के जीएसटी ७,०२७. सगळा कर १४,०६७ रुपये. म्हणजे ३० हजाराचा फोन घरी पडला ४६ हजाराला! हा हिशोब पाठवायच्या आधी करायचा असतो. बऱ्याच वेळा तोच फोन गेवराईच्या दुकानात स्वस्त पडतो, वर वॉरंटी इथली. आणखी एक, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ नंबरच्या मॉडेलपासून सिम घालायची जागाच नाही, फक्त ई-सिम चालतं. तसला फोन आला तर घरातलं जुनं सिम त्यात बसणार नाही.

तरी मागवलाच, तर मार्ग तीन.

पोस्टानं आलं तर पार्सल मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयात, म्हणजे बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनासारख्या ठिकाणी, कस्टमकडून तपासून पुढं येतं. कराची रक्कम पार्सलसोबत येते. ती पोस्टात भरायची, पावती घ्यायची आणि पार्सल ताब्यात घ्यायचं. कागद कमी पडले तर पत्र येतं.

कुरिअरनं आलं तर तुमच्या वतीनं कस्टमचा कागद कुरिअर कंपनी भरते. त्याला बिल ऑफ एंट्री म्हणतात. त्यासाठी कंपनी केवायसी मागते, आणि ते मागणं खरं असतं. लागतं काय, तर ओळखपत्र, फोन खरेदीचं बिल, पैसे दिल्याचा पुरावा. स्वतःच्या वापरासाठी आयात-निर्यात कोड काढायची गरज नाही, कुणी एजंट तो काढून देतो म्हणाला तर वाटेला लावा. आपल्याकडचा खरा घोळ नावाचा होतो. आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, आणि पार्सलवर नुसतं ‘पप्पू’ अन् आडनाव. केवायसी तिथंच अडते. पाठवणाऱ्याला आधारवरचं नाव जसंच्या तसं, मु. पो., तालुका, जिल्हा, पिनकोड आणि चालू मोबाईल नंबर लिहायला सांगा. उशीर झाला की गोदामाचं भाडंही चढू शकतं.

तिसरा मार्ग हातानं आणायचा. सुट्टीवर येणाऱ्याला सामानात ठराविक किमतीपर्यंत सूट असते. २०१६ च्या नियमांत ती ५० हजार रुपये ठेवली होती. निघायच्या आधी चालू आकडा बघून घ्यावा. त्यापेक्षा जास्त माल असेल तर विमानतळावर लाल मार्गानं जाऊन सांगायचं आणि कर भरायचा. ही सूट सोबत आणलेल्या सामानाला आहे, पार्सलला नाही. वापरलेला जुना फोन तर पार्सलनं पाठवूच नये. जुन्या वस्तूंच्या आयातीवर परवान्याचं बंधन आहे.

आता तो साडेनऊ हजारवाला फोन खरा की खोटा? अवघड एवढंच आहे की खरी कुरिअर कंपनीही मेसेज करते, लिंक पाठवते. म्हणून आलेल्या मेसेजवर जाऊच नका. पार्सल नंबर पाठवणाऱ्याकडून घ्या, कंपनीच्या साईटवर स्वतः टाका, कर दिसला तर तिथंच भरा आणि बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा. सरकारी कर कुणाच्या खासगी खात्यात किंवा फोनपे नंबरवर जात नाही. व्हॉट्सॲपवर राजमुद्रेचं ‘जप्तीपत्र’ आलं तर त्यावर डीआयएन नंबर बघा. नोव्हेंबर २०१९ पासून कस्टमच्या पत्रव्यवहारात हा नंबर आलाय आणि सीबीआयसीच्या साईटवर तो तपासता येतो. ‘बिल बघायला ही फाईल टाका’ म्हणून एपीके आली तर उघडू नका, बँक खातं साफ होतं. ज्याला कधी पाहिलं नाही असा परदेशी फेसबुक मित्र आयफोन पाठवतो म्हणाला, तर पार्सल मुळात निघालेलंच नसतं. आणि पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले म्हणून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ करणारे वेगळेच. अशी अटक कायद्यात नाही.

पैसे गेलेच तर रात्रीची वाट न बघता १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता जास्त. नंतर राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर किंवा चकलांबा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. व्यवहाराचा नंबर, समोरच्याचा मोबाईल आणि स्क्रीनशॉट सोबत न्या, चॅट डिलीट करू नका.

आणि फोन हातात आला की स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा. दिसणारा आयएमईआय बिलावरच्या नंबरशी जुळवा. केवायएम, मग जागा सोडून तो नंबर असा इंग्रजीत मेसेज १४४२२ वर पाठवला की त्या फोनची माहिती परत येते.