न्यायालयीन प्रशासकीय नियम व लोकाभिप्राय

न्यायालयांच्या अंतर्गत कारभाराचे नियमन करणारे व बहुधा न्यायसंस्थेनेच केलेले नियम म्हणजे न्यायालयीन प्रशासकीय नियम. कामाची वाटणी, अभिलेखांचे जतन व ते पाहण्याची मुभा, दुभाष्यांची व्यवस्था इ. बाबी त्यांत येतात. हे नियम वरवर कार्यालयीन वाटले, तरी न्यायालयाचे दार पक्षकाराला कितपत खुले राहील, हे पुष्कळ अंशी त्यांवरच ठरते. म्हणूनच नियमांचा मसुदा अगोदर प्रसिद्ध करून त्यावर लोकांचे अभिप्राय मागविण्याची पद्धत महत्त्वाची ठरली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या पद्धतीचा विशेष विकास झाला. जुनाट न्यायालयरचना व मागासलेली कार्यपद्धती ही लोकांच्या असंतोषाची कारणे असल्याचे रॉस्को पाउंड यांनी १९०६ मध्ये अमेरिकन वकील संघापुढील भाषणात दाखविले. पुढे अनेक घटकराज्यांत नियम करण्याचा अधिकार न्यायसंस्थेकडे आला. न्यू जर्सीच्या १९४७ च्या संविधानाने तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला दिला. विनबेरी विरुद्ध सॅलिस्बरी (१९५०) या खटल्यात त्या न्यायालयाने कार्यपद्धती व प्रशासन यांविषयीचे आपले नियम विधिमंडळाच्या कायद्याने बाधित होत नाहीत, असा निर्णय दिला. त्यामुळे न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य दृढ झाले. पण निवडून न आलेल्या न्यायाधीशांच्या नियमनिर्मितीवर अंकुश कोणाचा, हा प्रश्नही उभा राहिला. लोकाभिप्राय हे त्याचे एक उत्तर होय.

कॅलिफोर्नियात १९२६ मध्ये संविधानदुरुस्तीने न्यायिक परिषद स्थापन झाली. तेथील न्यायालयीन नियमांचा दहावा विभाग न्यायप्रशासनाविषयी आहे. सल्लागार समिती मसुदा तयार करते. तो सामान्यतः अभिप्रायार्थ प्रसृत होतो. आलेल्या सूचनांचा विचार करून समिती शिफारस करते आणि अंतिम निर्णय परिषद घेते. वॉशिंग्टन राज्यात ज्यूरीच्या निवडीतील वांशिक पक्षपाताला आळा घालणारा सामान्य नियम ३७ अशाच विचारविनिमयानंतर २०१८ मध्ये स्वीकारण्यात आला. हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध करण्याची अट त्यात नाही.

भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (१९०८) कलम १२२ नुसार उच्च न्यायालयांना दिवाणी कार्यपद्धतीचे नियम पूर्वप्रसिद्धीनंतरच करता येतात. त्यांना शासनाची पूर्वमान्यता लागते. पूर्वप्रसिद्धीची रीत सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (१८९७) कलम २३ मध्ये दिली आहे : मसुदा प्रसिद्ध करणे, तो विचारात घेण्याची तारीख जाहीर करणे आणि तत्पूर्वी आलेल्या हरकती व सूचनांचा विचार करणे. मात्र अंतिम नियम राजपत्रात प्रसिद्ध झाला, की तो रीतसर झाल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली दुय्यम न्यायालयांसाठी करावयाच्या नियमांना राज्यपालांची पूर्वमान्यता आवश्यक आहे. परंतु पूर्वप्रसिद्धीची अट त्या अनुच्छेदात नाही.

अभिप्राय म्हणजे मतदान नव्हे. बहुसंख्य सूचना विरोधी असल्या, तरी नियम करणारी संस्था त्यांना बांधील नसते. शिवाय अभिप्राय देणाऱ्यांत वकिलांचा भरणा असल्यास सामान्य पक्षकाराची अडचण झाकली जाण्याचा संभव असतो. मसुद्याची सुबोध भाषा, पुरेशी मुदत आणि सूचना स्वीकारण्याची वा नाकारण्याची कारणे जाहीर करणे, यांवर या पद्धतीची उपयुक्तता अवलंबून आहे.