गीझर पेटत नाही तेव्हा

पर्युषणाच्या दिवसांत अनेक घरांतील न्हाणीघरे पहाटेच जागी होतात. पूजेचे कपडे नेसण्यापूर्वी प्रत्येकाचे स्नान व्हावयाचे असते. गावाहून पाहुणे आलेले असतात, बाहेर श्रावण-भाद्रपदाचा पाऊस असतो, म्हणून खिडकीची झडप लावलेली असते. मरोळच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींत ही खिडकीही बहुधा मोकळ्या आकाशाकडे नव्हे, तर पाइपांच्या अरुंद डक्टमध्ये उघडते. अशा वेळी भिंतीवरील गॅस गीझर पेटेनासा झाला की धांदल उडते आणि जो तो बटणे फिरवू लागतो. वास्तविक गीझरचे काम ठरलेल्या क्रमाने चालते. तो क्रम ठाऊक असला तर बिघाड कोठे आहे, हे निम्मेअधिक कानांनीच कळते.

नळ उघडताच पाण्याच्या दाबाने आतील रबरी पडदा सरकतो व त्यामुळे स्विच दाबला जातो. मग बॅटरीच्या सेलवर टक्-टक् अशी ठिणगी पडू लागते, गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतो. ज्योतीजवळची एक बारीक सळई ज्योत खरोखर आहे की नाही, याची खात्री करून घेते. खात्री न पटल्यास गॅस आपोआप बंद होतो.

टक्-टक् आवाजच येत नसेल, तर दोष सेलचा किंवा पाण्याचा. बहुतेक गीझरांत दीड व्होल्टचे दोन जाड सेल असतात आणि पावसाळ्यात त्यांच्या टोकांवर गंज चढतो. सेल नवे असूनही आवाज नसेल, तर पाण्याचा दाब पाहावा. गच्चीवरील टाकीलगतच्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर दाब सर्वांत कमी असतो, आणि पाणी आत येते तेथील जाळीत टाकीचा गाळ साचला की पडदा सरकतच नाही. आवाज येतो पण ज्योत नाही, तर गॅसचा कॉक, रेग्युलेटर व सिलिंडर पाहावा; सिलिंडर नुकताच बदलला असेल, तर नळीत हवा राहिलेली असू शकते. ज्योत पेटून काही क्षणांत विझत असेल, तर त्या सळईवर काजळी धरलेली असण्याचा संभव मोठा. काही गीझर मात्र ठरावीक मिनिटांनी स्वतःहून बंद होतात. तो बिघाड नव्हे, तीच सुरक्षा होय. ‘सारखा बंद पडतो’ म्हणून ही सुरक्षा-यंत्रणा तार जोडून निकामी करून देणारे मिस्त्री भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवावे. सेल बदलणे व जाळी धुणे एवढेच घरच्यांचे काम, पुढचे अधिकृत तंत्रज्ञाचे.

सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते, तर महानगर गॅसच्या पाइपमधून प्रामुख्याने मिथेन येतो. तेवढ्याच घनफळाच्या मिथेनपेक्षा सिलिंडरच्या गॅसची उष्णता अडीच-तीन पट असते, म्हणून दोहोंचे जेट वेगळे असतात. पाइपच्या गॅसचा गीझर कोणी सिलिंडरला जोडला, तर गरजेपेक्षा कितीतरी अधिक गॅस जळू पाहतो, हवा अपुरी पडते, ज्योत पिवळी होते व काजळी धरते. निळी ज्योत पिवळी होणे ही गीझरने दिलेली नोटीसच समजावी.

अमेरिकेत सुट्टीसाठी फिरते घर, म्हणजे मोटारहोम, घेऊन निघणारी मंडळी थंडीत प्रोपेनच्या भट्टीवर ऊब मिळवतात. त्या भट्टीतही पंखा पुरेसा वेगाने फिरतो आहे, हे एका पातळ पात्याने सिद्ध झाल्याखेरीज ठिणगी पडत नाही. बॅटरी मंदावली, की पंखा मंदावतो आणि भट्टी पेटत नाही. मात्र ती भट्टी ज्वलनासाठी बाहेरची हवा घेते व धूरही बाहेरच सोडते. आपल्याकडचा धुराडे नसलेला गीझर, ज्या हवेत माणूस श्वास घेतो तीच हवा जाळतो.

खरा धोका येथेच आहे. बंद न्हाणीघरात एकामागून एक स्नाने होत गेली की प्राणवायू घटतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते; या वायूला मात्र रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. २०२३ च्या होळीनंतर घाटकोपरमध्ये एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, तेव्हा संशय गॅस गीझरवरच गेला होता.

या विषबाधेची पहिली लक्षणे म्हणजे डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे, पायांतील बळ जाणे. अठाई करणाऱ्या श्राविकेला स्नानानंतर भोवळ आली, तर घरातील सारे जण म्हणतील, ‘उपवासाचा अशक्तपणा आहे, जरा पडून राहा.’ तपश्चर्येच्या दिवसांत ही चूक फार सहज घडते. स्नानाच्या वेळीच त्रास सुरू झाला, किंवा पाठोपाठ दुसऱ्यालाही झाला, तर उपवासाला दोष न देता प्रथम गीझर व गॅस बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. तेथे दिला जाणारा प्राणवायू हाच यावरील उपचार होय. गॅसचा वास येत असेल, तर विजेचे बटण चालू-बंद करू नये. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा तातडीचा क्रमांक आहे.

काही घरांत गीझरचेच पाणी ‘उकळलेले’ म्हणून वापरात घेतले जाते, तेही योग्य नव्हे. गीझर पाणी तापवतो, उकळत नाही. तपातील पक्के पाणी चुलीवर उकळी आणूनच घ्यावे लागते.

गीझर बसवायचाच असेल, तर तो न्हाणीघरात न बसवता कोरड्या बाल्कनीत बसवून गरम पाण्याचा पाइप आत न्यावा. जागा नसेल, तर विजेचा गीझर बरा. आणि जुना गीझर आतच असेल, तर तोवर दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, काही मिनिटे हवा खेळू द्यावी व मगच आत जाऊन दार लावावे. पाहुण्यांनाही हे आदल्या रात्रीच सांगून ठेवावे, कारण पहाटेच्या घाईत कोणी विचारत बसत नाही.