अजून आवळल्याने गळती थांबत नाही

घरच्या घरी गाडीचं ऑइल बदललं आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगच्या फरशीवर तेलाचा डाग दिसला, की हात आपोआप पान्याकडे जातो. इंजिनखालच्या ऑइल चेंबरचा नट (खरं तर तो बोल्टच) थोडा अजून आवळायचा, तरी गळतंय तर आणखी थोडा. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात रोज पाळीभर बोल्ट आवळणाऱ्यालाही हा मोह होतो, आणि साधी गळती महागात पडते ती इथेच.

कारण नटाचे आटे तेल अडवतच नाहीत. नटाचे आटे आणि चेंबरचे आटे यांच्यात बारीक फट असते. ती नटाभोवती वळसे घेत खाली येते आणि तिच्यातून तेलही येतं. त्याला अडवतो तो नटाच्या डोक्याखालचा वायसर. मशीनवर कातलेला पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला, तरी त्यावर काही मायक्रोमीटर खोलीचे चर असतात. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा मऊ वायसर दाबाखाली चेपतो आणि त्या चरांत जाऊन बसतो. पण चेपताना तांबं कडकही होतं. त्याच्या स्फटिकांमधले दोष एकमेकांत अडकतात आणि पुढच्या वेळी धातू तेवढ्या सहज हलत नाही. म्हणून प्रत्येक वेळी नवा वायसर लागतो. जुने मिस्त्री तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून, गार करून पुन्हा घालतात, त्यात तथ्य आहे: उष्णतेने नवे, ताण नसलेले स्फटिक तयार होतात आणि तांबं पुन्हा मऊ पडतं. ॲल्युमिनियमवर मात्र हा प्रयोग करू नये. ते लाल दिसण्याआधीच, 660 अंश सेल्सिअसला वितळतं.

आता पान्याच्या जोराकडे येऊ. आवळलेला बोल्ट ही खरं तर ताणलेली स्प्रिंग असते आणि तिच्या ताणानेच वायसर दाबून धरला जातो. अनेक छोट्या गाड्यांत या नटाला 30 ते 40 न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला असतो. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्यावर साधारण 14 किलोचा जोर. लांब दांड्याला लटकणारा धडधाकट माणूस याच्या दुप्पट-तिप्पट सहज लावतो. त्यातही लावलेल्या टॉर्कचा जवळजवळ 90 टक्के भाग घर्षणात जातो, ताण निर्माण करायला उरतो तो दहावा हिस्सा. आटे तेलाने माखले की घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. चाकणच्या असेंब्ली लाइनवर टॉर्क मोजत बोल्ट आवळणारी यंत्रं असतात, ती यासाठीच. घरी हे काम टॉर्क रेंच करतो, हाताचा अंदाज करत नाही.

चेंबर ॲल्युमिनियमचं आणि नट पोलादाचा असेल, तर हार मानतं ते ॲल्युमिनियम. आटे जातात आणि नट नुसता फिरत राहतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा सीलंट चोपडून वेळ मारून नेऊ नये. भोसरी एमआयडीसीत यावर उपाय करणारे हात शोधावे लागत नाहीत. भोक किंचित मोठं करायचं, नवा टॅप मारायचा, त्यात पोलादी तारेचं हेलीकॉइल बसवायचं; झालेले आटे मूळच्यापेक्षा टिकाऊ असतात. ड्रिलचा कीस आत राहिला तर मात्र तो ऑइल पंपाच्या वाटेला जातो, म्हणून चेंबर उतरवूनच हे काम करावं.

गळती नेमकी कधी होते, यावरून ती कुठून होते ते बरंचसं कळतं. चेंबरच्या नटावर फक्त वरच्या तेलाचं वजन असतं. ते दहा सेंटीमीटर उभं असलं तरी दाब एका बारच्या शंभराव्या हिश्शाच्या आतच, म्हणून गाडी उभी असताना थेंब थेंब गळतं. फिल्टरमध्ये इंजिन चालू असताना दाब दोन ते पाच बारपर्यंत जातो. इंजिन सुरू केल्याबरोबर धार लागली तर आधी फिल्टर बघा. बऱ्याचदा जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली असते आणि नवी तिच्यावर बसते. ताबडतोब इंजिन बंद करा, कारण चेंबर रिकामं व्हायला वेळ लागत नाही. नव्या रिंगला तेलाचं बोट फिरवून फिल्टर हातानेच आवळायचा, रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा. नेमका आकडा फिल्टरवर छापलेला असतो.

आणि मुळात गळती आहे का, हेही तपासायला हवं. फिल्टर काढताना सांडलेलं तेल क्रॉसमेंबरवर साचून दोन-चार दिवस ठिबकत राहतं. डिग्रीजरने खालची बाजू धुवा, कोरडी करा, थोडी गाडी चालवा, मग टॉर्चने बघा. वारा तेल मागे उडवतो, म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका हे उगमस्थान.

काढलेल्या तेलात काजळी, झिजलेल्या धातूचे कण आणि ज्वलनातली विषारी संयुगं असतात. 2016च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. भोसरीच्या एका अंगाला इंद्रायणी, दुसऱ्या अंगाला पवना. गटारात ओतलेलं तेल त्यांच्याकडेच निघतं आणि पाण्यावर पातळ पापुद्रा धरून हवेतला ऑक्सिजन अडवतं. जुनं तेल झाकणाच्या डब्यात भरून ते परवानाधारक संकलकाकडे पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावं. फरशीवरचा डाग पाण्याने धुऊ नये. लाकडाचा भुसा टाकून तेल टिपावं आणि तो भुसाही त्याच डब्यासोबत द्यावा.