पुरानंतरचे जेवणघर

घरातील सर्वांत कमी नटलेली आणि सर्वांत अधिक वापरली जाणारी खोली कोणती, असे विचारले तर बहुतेक गृहिणी जेवणघराचेच नाव घेतील. दिवाणखान्याला पाहुण्यांचा मान असतो, देवघराला पावित्र्याचा. जेवणघराच्या वाट्याला येते ते जुने फ्रीज, उरलेसुरले फर्निचर आणि भिंतीवरचे औषध कंपनीचे कॅलेंडर. त्यातून डॉक्टरांचे घर असेल तर विचारायलाच नको. एकजण ओपीडी आटोपून तीनला जेवतो, दुसरी रात्री दहाला, मुले आपापल्या वेळी. टेबल आठ माणसांचे असते, पण त्यावर एका वेळी एकच ताट असते.

बडोद्यातील आपल्या मराठी घरांत पूर्वी असे नव्हते. सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरी-व्यवसायानिमित्त येऊन दांडिया बाजार, रावपुऱ्यात स्थिरावलेल्या कुटुंबांच्या वाड्यांत पाट-रांगोळीची पंगत बसे. वाडे गेले, सोसायट्या आल्या, पाटांच्या जागी टेबल-खुर्च्या आल्या. हा बदल गुडघ्यांना मानवणारा होता, म्हणून त्याबद्दल खंत नाही. परंतु पंगत मोडली, ती मात्र टेबलामुळे नव्हे, आपल्या सवयीमुळे.

पाणी ओसरल्यावर

२०२४च्या ऑगस्टअखेरीस पावागडच्या डोंगरातून येणाऱ्या विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली आणि नदीकाठच्या अनेक वस्त्यांप्रमाणे आमच्याही तळमजल्यात पाणी शिरले. जेवणघरात ते चाळीस इंचांपर्यंत चढले. सासूबाईंना खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर न्यावे लागले. पाणी उतरल्यावर पाहिले तर प्लायवूडचे टेबल फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते, कपाटांचे तळ गळून पडले होते आणि भिंतीवर गाळाची सरळ रेघ उमटली होती.

त्यानंतरचे चार महिने आम्ही वरच्या खोल्यांत, पलंगावर किंवा खिडकीपाशी, जमेल तसे जेवत होतो. सासूबाईंचे ताट त्यांच्या खोलीत जाई. त्यांनी तक्रार कधीच केली नाही. मात्र ऑगस्टमध्ये ५२ किलो असलेले त्यांचे वजन जानेवारीत ४८.५ भरले. रक्त-लघवीच्या तपासण्या, थायरॉइड, छातीचा एक्स-रे, सगळे व्यवस्थित. वृद्ध व्यक्तीचे सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन कमी होणे किती गांभीर्याने घ्यावे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगायला नको. कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. एकटे माणूस कमी जेवते. "भूक आहे ग, पण घास उतरत नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

जेवणघर पुन्हा उभे करायचे, हे त्या दिवशी ठरले. पुराने आधीच मोठा खड्डा पाडलेला असल्याने खर्चाची मर्यादा ४५,००० रुपये ठेवली. अट एकच होती, प्रत्येकाने हात लावायचा.

भिंतींना श्वास

खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद. रंगाच्या दुकानात जाण्याआधी भिंती वाळल्या आहेत का, ते पाहणे आवश्यक होते. विटांची भिंत साधारणपणे महिन्याला एक इंच या गतीने वाळते, असा बांधकामातील ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळू लागली तरी तिला साडेचार महिने हवेत. घाईने प्लास्टिक रंग दिला तर ओल आत कोंडते, फुगे येतात, बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास होतो. चाचणी सोपी आहे. भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून चोवीस तास ठेवावा. आतल्या बाजूस दव जमले तर अजून थांबावे. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमचा तुकडा कोरडा निघाला.

खालच्या साडेचार फुटांतील जुना रंग खरवडून प्लास्टर उघडे केले. वर आलेला पांढरा लोणा कोरड्या ब्रशने झाडला, कारण तो पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा आत मुरतात. त्या भागाला दिला तो आपला जुना चुना. त्यातून ओल बाहेर पडू शकते आणि त्याच्या क्षारधर्मामुळे बुरशीही सहसा धरत नाही. त्यात किंचित पिवडी घालून सायीसारखा रंग आणला. तो कपड्यांना लागू नये म्हणून थोडा डिंक मिसळला. वरच्या धड भागाला त्याच छटेचा साधा इमल्शन दिला आणि दोहोंच्या सीमेवर गेरूचा चार बोटे पट्टा ओढला. तो पट्टा माझ्या मुलीने आणि पुतण्याने दोरी धरून आखला. चुना डोळ्यांत गेला तर बुबुळ भाजते, म्हणून चष्मा लावल्याशिवाय कोणाला बादलीला हात लावू दिला नाही.

येथे एक सावधगिरी आवर्जून नोंदवते. जुन्या घरांच्या दारे-खिडक्यांवरील तैलरंगांत शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरविणारा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासला की धूळ उडते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. म्हणून खिडक्या पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने, मास्क लावून आम्ही मोठ्यांनीच घासल्या. मुलांना त्या दोन दिवसांत खोलीत प्रवेश नव्हता. फरशी झाडली नाही, ओल्या फडक्याने पुसली.

वाड्याचे दार, दवाखान्याची बाकडी

नवीन टेबलाच्या किमती ऐकून आम्ही घरातच शोध घेतला. दांडिया बाजारातील वाडा उतरवला तेव्हा त्याच्या सागवानी दाराची दोन झडपे आणि चौकट कैलासवासी मामंजींनी हट्टाने ठेवून घेतली होती. ती वरच्या मजल्याच्या गच्चीलगत असल्याने पाण्यापासून वाचली. प्रत्येक झडप एकवीस इंच रुंद, दोन्ही शेजारी ठेवली की बेचाळीस इंच. खालचा वाळवी लागलेला भाग कापून लांबी बहात्तर इंच राहिली. चौकटीच्या खांबांतून पाय निघाले. सुतारकाका पाच दिवस आले. माझे धाकटे दीर त्यांच्या हाताखाली रंधा शिकले.

बसायला मामंजींच्या दवाखान्यातील प्रतीक्षाकक्षाची दोन सागवानी बाकडी होती. चाळीस वर्षे रुग्ण ज्यांवर बसले, ती पुराच्या पाण्यात उभी राहूनही धड होती. केवळ पॉलिश उडाले होते. भरीव सागवान आणि साधे प्लायवूड यांतील फरक आम्हांला पुराने शिकविला. नवीन प्लाय घेणे भागच असेल तर आयएस ७१० हा क्रमांक पाहून, पाण्याला टिकणाराच घ्यावा.

लाकडाला जवसाचे तेल दिले. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. आम्ही ती पाण्यात भिजवून, मग पसरून वाळविली आणि नंतरच टाकली.

उंची आणि उजेड

सजावटीत आपण रंग पाहतो, मापे पाहत नाही. टेबलाची उंची तीस इंच ठेवली. बाकडी अठरा इंचांची आहेत. सासूबाईंसाठी मात्र हात असलेली, एकोणीस इंच बैठकीची खुर्ची घेतली. गुडघ्यांची झीज झालेल्या माणसाला बैठक थोडी उंच असेल आणि रेटा द्यायला हात असतील तर उठताना दुसऱ्याचा आधार मागावा लागत नाही. जो आपण होऊन उठू शकतो, तो आपण होऊन जेवायलाही येतो. खुर्चीमागे तीन फूट वाट मोकळी ठेवली, म्हणजे वॉकर वळतो.

दुसरा मुद्दा उजेडाचा. साठीतील डोळ्याच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. पांढऱ्या ट्यूबलाइटऐवजी टेबलाच्या वर तीस इंचांवर उबदार छटेचा, सुमारे ३,००० केल्विनचा एलईडी दिवा टांगला. काचेचा पृष्ठभाग टाळला, कारण त्यावरची चकाकी मोतीबिंदूच्या डोळ्यांना टोचते. तेल दिलेल्या गडद लाकडावर स्टीलचे ताट आणि त्यातला पांढरा भात स्पष्ट उठून दिसतो. विजेचे सॉकेट चोपन्न इंचांवर नेले. पुन्हा पाणी आलेच तर निदान तेवढे कोरडे राहतील.

सासूबाईंनी या कामात बसल्या जागी मोठा वाटा उचलला. जुन्या इरकली साड्यांचे पडदे त्यांनी बेतून दिले, काठ कुठे यावेत ते सांगितले. शिवणकाम बाहेर दिले. नातवंडांना एकेका साडीची कथा त्यांनी ऐकविली, आणि त्या कथा ऐकताना दुपारी चिवड्याची एक वाशी कधी संपे, ते त्यांच्याही लक्षात येत नसे.

हिशेब

सुतारकाम १४,०००, विजेचे काम ८,२००, चुना, रंग व ब्रश ६,५००, हाताच्या दोन खुर्च्या ५,८००, भिंतीच्या तळाशी कोटा दगडाची पट्टी २,९००, तेल, खिळे, स्क्रू १,९००, शिवणकाम १,४००. एकूण ४०,७०० रुपये. ठरविल्यापेक्षा ४,३०० कमी. मजुरी वाचली ती खरवडणे, घासणे, रंगविणे आणि तेल देणे यांत. ही कामे कौशल्यापेक्षा चिकाटीची आहेत आणि ती कोणत्याही कुटुंबाला जमतील. वीज आणि सुतारकाम मात्र जाणकारालाच द्यावे.

३० मार्च २०२५, गुढीपाडवा, रविवार होता. आठ जण त्या टेबलाभोवती एकत्र बसलो. श्रीखंड-पुरीचा बेत होता. त्यानंतर आम्ही एक नियम केला. दुपारचे ज्याचे त्याने पाहावे, रात्रीचे साडेआठला सर्वांनी एकत्र जेवावे आणि फोन बाहेर ठेवावेत. तातडीचा रुग्ण आला तर डॉक्टरला सुटी, पण बाकीच्यांनी थांबायचे. जुलैमध्ये सासूबाईंचे वजन ५१ किलो भरले. औषध एकही बदललेले नव्हते.

एवढ्यावरून शास्त्रीय निष्कर्ष काढण्याचे धाडस मी करणार नाही, एका रुग्णाने सिद्धांत होत नाही. तथापि वृद्ध रुग्णाचे वजन घटलेले दिसले की आपण आहार काय, औषधे कोणती, दात कसे आहेत, हे विचारतो. त्याबरोबर "आजी, तुम्ही कुठे बसून जेवता आणि सोबत कोण असते?" हेही विचारावे, असे मला आता वाटते. पुष्कळदा त्या प्रश्नाचे उत्तर चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. ते घरच्या माणसांनी मिळून, चार रविवार खर्चून, स्वतःच्या हाताने तयार करावे लागते.