शिशाच्या शिपायांची मोजदाद

वॉटर्लूची लढाई मेजावर खेळण्यासाठी चिमुकले सैन्य उभारू पाहणारा हौशी माणूस प्रथम रंगांच्या डब्याकडे धावतो. वास्तविक त्याने प्रथम त्रैराशिक मांडावयास हवे. १८ जून १८१५ रोजी नेपोलियनपाशी सुमारे ७३,००० आणि वेलिंग्टनपाशी सुमारे ६८,००० माणसे होती. शंभर माणसांमागे शिशाचा एक शिपाई धरला, तर एका बाजूस ७३० आणि दुसऱ्या बाजूस ६८० शिपाई लागतात. त्यांतही पायदळ, घोडदळ व तोफखाना यांचे मूळचे प्रमाण राखावे लागते. घोडेस्वार डौलदार दिसतात म्हणून ते वाढविता येत नाहीत.

खरी कसोटी पुढेच आहे. वेलिंग्टनच्या ६८० शिपायांत ब्रिटिश भरतात ते सुमारे २५०. बाकीचे डच, बेल्जियन आणि जर्मन. शिवाय दुपारनंतर प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर याचे सुमारे ५०,००० सैनिक रणांगणावर येऊन पोचले. त्यांच्यासाठी आणखी ५०० शिपाई मेजाच्या कडेला सज्ज हवेत. सारे सैन्य ब्रिटिश म्हणून रंगविणारा खेळाडू विजयाच्या बहुसंख्य वाटेकऱ्यांनाच मेजावरून हाकलून देतो. मोजदाद प्रामाणिक असेल, तरच खेळ इतिहासाशी इमान राखतो.